दोन ओळींची जागा

मी तो अर्ज नाकारला नव्हता. हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवले आहे की ते आता गुळगुळीत झाले आहे. सतरा अर्ज होते, हा वरून चौथा. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, अकराव्या प्रश्नापाशी थोडी रेंगाळले, आणि मग वाचून झालेल्या अर्जांवर ठेवण्याऐवजी उरलेला गठ्ठा डाव्या हाताने किंचित उचलून तो त्याच्या तळाशी सरकवला. खोलीत दुसरे कुणी नव्हते. कागद कागदावर घासल्याचा बारीक आवाज तेवढा मला ऐकू आला, आणि पुढचे तेरा अर्ज वाचताना तो अधूनमधून पुन्हा ऐकू येत राहिला. तळाशी ठेवणे म्हणजे नाकारणे नव्हे, हे कुणालाही पटवून देता आले असते. मला तर ते आधीच पटले होते. शेवटी वाचू, निवांत वाचू, याला जास्त वेळ द्यायला हवा, अशी सगळी सज्जन कारणे माझ्यापाशी तयार होती. पण सायंकाळी गठ्ठा संपत आला, तेव्हा तळाचा तो एक अर्ज न उचलताच मी फीत बांधली आणि कपाटाला कुलूप लावले.

पद साधे होते. आमच्या लहानशा ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि बांधणी करणारा सहायक हवा होता, आणि निवड करणाऱ्या तिघांत मी एक होते. अर्जाचा नमुना आमच्याही आधीच्या कुणीतरी केलेला. वर्षानुवर्षे त्याच्याच प्रती निघत आलेल्या. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव अशी रांग पुढे सरकत अकराव्या प्रश्नाशी येते: ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने कोणत्याही गुन्ह्यासाठी दोषी ठरविले आहे काय? होय असल्यास तपशील द्यावा.’ तपशिलासाठी ठिपक्यांच्या दोन ओळी. शिक्षणाला सहा ओळी आहेत, छंदांनासुद्धा तीन आहेत. या माणसाने ‘होय’भोवती वर्तुळ केले होते आणि त्या दोन ओळींत कलम, निकालाचे वर्ष, शिक्षेची मुदत आणि सुटकेचा महिना असे सगळे बसवले होते. अक्षर इतके बारीक की मला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला, आणि तरीही ‘सुटका’मधला ‘का’ जागा न उरल्यामुळे समासात चढलेला. गुन्हा कोणता होता ते मी इथे लिहीत नाही. किरकोळ नव्हता, एवढे सांगते. त्याचे नाव घेतले की वाचणाराही आपल्या मनातल्या गठ्ठ्यात तो अर्ज कुठे ठेवायचा ते ठरवू लागेल, आणि मी त्याला दोष देऊ शकणार नाही. अनुभवाच्या रकान्यात लिहिले होते, ‘पुस्तकबांधणी, सहा वर्षे’. त्यापुढच्या ‘ठिकाण’ या रकान्यात एक आडवी रेघ. शिक्षेची वर्षे आणि अनुभवाची वर्षे जुळवली की त्या रेघेखाली कोणती इमारत आहे ते कळत होते. आम्हांला जे कौशल्य हवे होते ते त्याने जिथे कमावले, तीच जागा त्याच्या आड येत होती.

वडिलांचे एक मावसभाऊ होते. मी सात-आठ वर्षांची असताना ते आमच्याकडे राहायला आले. ‘काका बाहेरगावी होते,’ असे आम्हां मुलांना सांगण्यात आले, आणि बाहेरगाव म्हणजे कोणते, असे विचारल्यावर आईने ‘लांब’ एवढेच उत्तर दिले. पुढे मोठेपणी कळले की एका पेढीत हिशेबाची अफरातफर झाली होती आणि काकांनी चार वर्षे शिक्षा भोगली होती. त्यांचा चेहरा मला आता नीटसा आठवत नाही, आवाज तर मुळीच नाही. आठवतात ते त्यांचे खिसे. घरात काहीही हरवले, मग ते पेन असो, वडिलांचा चष्मा असो की माझे खोडरबर, काका जागचे उठून उभे राहत आणि विजारीच्या दोन्ही खिशांची अस्तरे बाहेर ओढून दाखवत. एक शब्द न बोलता. ती पांढरी, जराशी मळकी अस्तरे दोन्ही बाजूंना कानांसारखी लोंबत आणि आम्ही मुले खिदळत असू. आम्हांला तो खेळ वाटे. एकदा तर काकांचे खिसे बघायला मिळावेत म्हणून मी रबर मुद्दाम गादीखाली लपवले आणि ‘हरवले, हरवले’ म्हणून घर डोक्यावर घेतले. काका उठले, त्यांनी अस्तरे बाहेर काढली, आणि तेवढ्यात मला हसताना आईने पाहिले. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा मारले. का मारले ते तिने सांगितले नाही, आणि ते कळायला मला पुढची पुष्कळ वर्षे लागली. त्याहून जास्त वर्षे लागली दुसरी एक गोष्ट ध्यानात यायला: फळीवरचा पैशांचा डबा काका आले त्याच आठवड्यात तिथून हलला होता आणि आईच्या पेटीत गेला होता. मला मारणारी आई आणि डबा हलवणारी आई, दोघी एकच.

खिसे दाखवा, असे काकांना आमच्या घरात कुणीही, कधीही म्हटले नव्हते.

काका पुन्हा कधी हिशेबाला बसले नाहीत. आकडे त्यांना गाण्यासारखे पाठ होत, चार रकान्यांची बेरीज ते बोट वरून खाली फिरवता फिरवता सांगत, पण त्यांना मिळाले ते लिफाफ्यांवर पत्ते लिहिण्याचे काम. हस्ताक्षर सुंदर होते म्हणून तेही मिळाले. आपली भाषा अशा माणसाचे काय करते ते मी पुढे नोकरीत विषयवार नोंदी करताना पाहत आले. ‘त्याने चोरी केली’ या वाक्यात क्रियापद आहे, आणि क्रियापदाला काळ असतो. ते मागे पडू शकते. ‘तो चोर आहे’ यात नाम आहे, आणि नामाला काळ नसतो. एका दिवसाच्या क्रियापदाचे नाम झाले की ते माणसाच्या नावाआधी लागते आणि आडनावासारखे राहते. ‘सुटणे’ हे क्रियापदही असेच मोठे खट्याळ आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते, तुरुंगातून माणूस सुटतो, आणि कापडावरचा डाग मात्र कितीही चोळला तरी सुटत नाही. काका वारले तेव्हा त्यांना सुटून एकवीस वर्षे झाली होती. भेटायला आलेल्या एका लांबच्या नातेवाइकाला दुसऱ्याने ओळख पटवून दिली ती अशी: ‘ते नाही का, आत जाऊन आलेले.’ चार वर्षे आणि एकवीस वर्षे, यांतली चारच मोजली गेली.

अर्ज तळाशी जाणे हे काही माझ्याच टेबलावर घडत नाही. ते किती टेबलांवर घडते हे मोजून पाहण्याची युक्ती डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंना सुचली. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्यांनी चार तरुण विद्यार्थ्यांना साध्या, फारशा शिक्षणाची अट नसलेल्या नोकऱ्यांसाठी खरेखुरे अर्ज करायला पाठवले. दोघांची एक जोडी गोऱ्यांची, दुसरी कृष्णवर्णीयांची. जोडीतल्या दोघांचे शिक्षण, वागणे-बोलणे, कपडे शक्य तितके सारखे. फरक एवढाच की एकाच्या अर्जात अमली पदार्थांचा गुन्हा आणि अठरा महिन्यांची कैद लिहिलेली असे. तीही भूमिका जोडीत आलटून पालटून, म्हणजे एखाद्याचा चेहराच पसंत पडला नाही असे म्हणायला जागा उरू नये. साडेतीनशे मालकांकडे असे अर्ज गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचले तेव्हा फक्त आकडे म्हणून वाचले होते: नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणाला ३४ टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले, नोंद असलेल्याला १७ टक्के, कृष्णवर्णीयांत नोंद नसलेल्याला १४ आणि असलेल्याला ५. आता ते पुन्हा वाचताना मला त्या साडेतीनशे टेबलांपलीकडची माणसे दिसतात. त्यांतली कितीतरी माझ्यासारखीच सज्जन असणार. नकाराचे पत्र अशा वेळी कुणी लिहीत नाही. फोन येत नाही, एवढेच होते, आणि न आलेल्या फोनविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही.

मात्र नोकरीचा अर्ज ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी फाटकाबाहेरचा पहिला दिवस असतो, आणि तिथे अडचणी अगदी बारक्या, जवळजवळ हास्यास्पद असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांच्या वागणुकीविषयीचे जे सुधारित नियम मान्य केले, ज्यांना नेल्सन मंडेलांचे नाव दिलेले आहे, त्यांतला १०८वा नियम मला एखाद्या आईने लिहिल्यासारखा वाटतो. सुटणाऱ्याजवळ ओळखीची कागदपत्रे असावीत, जायला घर आणि करायला काम असावे, हवामान आणि ऋतू पाहून अंगावर पुरेसे कपडे असावेत, आणि मुक्कामी पोचण्यापुरते व सुटकेनंतर लगेचच्या दिवसांत निभावण्यापुरते साधन असावे. ऋतू पाहून! म्हणजे उन्हाळ्यात पकडलेला माणूस ऐन थंडीत त्याच पातळ सदऱ्यात बाहेर पडतो, हे कुणीतरी पाहिलेले असले पाहिजे. त्याशिवाय असे शब्द नियमात येत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये अनेकांची सुटका शुक्रवारी होत असे. सोमवारपर्यंत घर, औषध, भत्ता देणारी सगळी कार्यालये बंद, आणि ज्याला काहीच ठावठिकाणा नाही त्याची पहिल्या तीन रात्री कुठे काढायच्या याचीच पंचाईत. हे बदलायला २०२३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ज्याने अशा गरजू माणसांना एक-दोन दिवस आधी सोडता येते. वार बदलण्यासाठी कायदा! वाचताना हसू येते आणि मग ते मावळते, कारण त्या पहिल्या दिवसांत काय होते तेही मोजलेले आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्यांच्यासारख्याच इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता, आणि सर्वांत मोठे कारण होते अमली पदार्थाची जादा मात्रा. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर हात जुन्याच मापाने घेतो. दोन आठवडे. आम्ही अर्जांची छाननी करायला त्याहून जास्त वेळ घेतो.

ग्रंथपालाच्या पेशात आयुष्य काढल्यामुळे मला एक ऐतिहासिक तपशील फार लागला. गुन्ह्यांच्या नोंदींना फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ कप्प्यांचे कपाट असा होतो. आर्नू बोनव्हिल द मार्सांजी या न्यायाधीशाच्या कल्पनेतून ते १८५० साली सुरू झाले. कुणालाही कुठेही शिक्षा झाली की तिची चिठ्ठी त्याच्या जन्मस्थानाच्या न्यायालयाकडे पाठवायची आणि तिथे ती वर्णानुक्रमाने कप्प्यात ठेवायची. माणूस कितीही गावे बदलो, त्याचा जन्म तर एकाच ठिकाणी झालेला असतो! ही कल्पना किती नेटकी आहे हे माझ्याइतके कुणाला कळणार. मी स्वतः चाळीस वर्षे असेच ड्रॉवर उघडत आणि मिटत आले. गंमत अशी की हा बोनव्हिल काही निर्दय गृहस्थ नव्हता. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला मुदतीआधी सशर्त सोडावे, या कल्पनेच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत त्याचे नाव घेतले जाते. एकाच माणसाने एका हाताने दार किलकिले केले आणि दुसऱ्या हाताने कपाट बनवले. मला त्यात विरोध दिसत नाही, उलट फारच ओळखीचे काहीतरी दिसते.

पुढे कपाटातली चिठ्ठी काढून टाकण्याचेही कायदे झाले. ब्रिटनने १९७४ साली ठरवले की शिक्षेच्या प्रमाणात काही वर्षे निष्कलंक गेली की तो गुन्हा ‘खर्ची पडला’ असे समजावे आणि बहुतेक ठिकाणी तो सांगण्याची सक्ती असू नये. न्यूझीलंडने २००४ साली सात स्वच्छ वर्षांनंतर पाटी पुसायचे ठरवले, पण ज्याने एकदाही तुरुंगवास भोगला आहे त्याला त्यातून वगळले. आपल्याकडे १९५८च्या परिवीक्षा कायद्याने ज्याला शिक्षा न देता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही; मात्र जो शिक्षा भोगून येतो त्याला सर्वसाधारणपणे अशी कुठली मुदत नाही. निवडणूक लढवण्यावरची बंदी तेवढी सुटकेनंतर सहा वर्षांनी उठते. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहाचे दार कधी उघडेल हे तारखेसकट सांगता येते, आणि पुस्तकांना खळ लावणाऱ्याच्या खोलीचे दार कधी उघडेल हे सांगता येत नाही. किती वर्षे पुरेशी, हा प्रश्न अगदीच अधांतरी आहे असेही नाही. आल्फ्रेड ब्लूमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या नोंदी तपासून २००९ मध्ये दाखवले की अठराव्या वर्षी लुटीच्या आरोपात पहिल्यांदा अटक झालेला माणूस त्यानंतर ७.७ वर्षे अटकेविना राहिला, तर त्याच्या पुन्हा अटकेची शक्यता त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकीच उरते. पण जिथे नोंद मिटवता येते तिथेही ती मिटतेच असे नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तसा हक्क मिळालेल्यांपैकी जेमतेम साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षांच्या आत तो वापरून घेतला. अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे, न्यायालयात खेटा; ज्या दारातून माणूस जीव मुठीत धरून बाहेर पडला, त्याच दारावर पुन्हा जाऊन टकटक करायची. आणि समजा त्याने केलीही, तरी कागदावरून पुसलेले नाव जुन्या बातमीत तसेच असते. कप्प्यातली चिठ्ठी जाळता येते. भ्रमणध्वनीवर नाव टाकले की चार क्षणांत वर येणारी ती बातमी कुठल्या कप्प्यात आहे हेच कुणाला ठाऊक नसते.

इथवर लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण या सगळ्या शहाणपणात माझी आई मला दिसू लागली. तिच्या उतारवयात आमच्या घरी चोरी झाली. आम्ही बाहेर होतो, ती एकटी आतल्या खोलीत झोपली होती. तिला कुणी हात लावला नाही, गेला तो ऐवजही फार नव्हता. ज्या पेटीत पूर्वी पैशांचा डबा गेला होता तीच पेटी फोडली. चोर सापडला, त्याला शिक्षा झाली, ती मुदतीने संपलीही असेल. आई त्यानंतर अकरा वर्षे जगली आणि त्या अकरा वर्षांत एकही रात्र कडी तीनदा तपासल्याशिवाय झोपली नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकत असे: कडी, मग पावले, मग पुन्हा कडी. तिच्या शिक्षेला मुदत नव्हती. तो माणूस केव्हा सुटला, त्याला काम मिळाले का, हे मला तेव्हा कुणी सांगायला आले असते तर मी ऐकून घेतले नसते. आज ऐकून घेईन का? त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? त्यापुढे मला विचार करता येत नाही, आणि करता येत नाही हे लिहून ठेवलेले बरे. ज्याचे नुकसान झाले त्याने विसरावे, असे म्हणण्याचा हक्क तिसऱ्या माणसाला नसतो. पण सतरा अर्जांच्या त्या खोलीत माझे काहीच नुकसान झालेले नव्हते. मी तिथे तिसरी होते, आणि वागले मात्र कडी तपासणाऱ्यासारखी.

तो अर्ज मी तिसऱ्या दिवशी बाहेर काढला आणि बैठकीत इतर दोघांसमोर ठेवला. आमचे खजिनदार भले गृहस्थ आहेत. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, ‘माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण उद्या काही झालं तर लोक आपल्याला विचारतील, माहीत असून घेतलंत?’ हे ‘माहीत असून’ मला तेव्हापासून चिकटले आहे. खजिनदारांना त्या माणसाची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती आपल्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची. अर्जातला अकरावा प्रश्न आधी अर्जदाराला विचारला जातो आणि मग वळून आपल्याकडे येतो. मी म्हटले, हा प्रश्न नमुन्यातून काढूनच टाकू या, निवड झाल्यावर विचारू. तिसऱ्या सदस्य बाई वकिली केलेल्या. त्यांनी २०१६ सालच्या अवतार सिंग खटल्याची आठवण दिली: जुने प्रकरण लपवले तर नोकरी जाऊ शकते, आणि खरे सांगितले तरी मालकाने पूर्ववृत्त विचारात घ्यायचे ठरवले तर त्याच्यावर नेमणुकीची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मात्र निर्णय घेताना गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, क्षुल्लक बाब असेल तर लपवणेही माफ करता येते, हेही त्याच निकालात आहे. प्रश्न काढून टाकण्याचा उपाय इतरांनी करून पाहिला आहे, त्याचीही एक उलटी गोष्ट आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात अर्जातला या प्रश्नाचा चौकोन कायद्याने हटवला गेला, तेव्हा अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी आधी आणि नंतर मिळून सुमारे पंधरा हजार बनावट अर्ज पाठवून पाहिले. ज्या कंपन्या पूर्वी हा प्रश्न विचारत, त्यांच्याकडे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अर्जदारांना येणाऱ्या बोलावण्यांतला फरक आधी ७ टक्के होता, तो नंतर ४३ टक्क्यांवर गेला. विचारता येईना तेव्हा लोक नावावरून अंदाज बांधू लागले. कपाट काढून नेले तरी कप्पे डोक्यात असतात, म्हणायचे. बैठक लांबली, आणि शेवटी एवढेच ठरले की मुलाखतीला बोलवावे.

मुलाखतीच्या दिवशी, अर्जावर इतके दिवस ‘तो’ असलेला माणूस समोर येताच ‘ते’ झाला. पन्नाशीचे, दाढी नुकती केलेली, हनुवटीखाली वस्तऱ्याची एक ताजी बारीक रेघ. अर्धा तास आधी येऊन बाहेर उभे होते. बाकावर जागा असून बसले नव्हते. आत आल्यावर ‘बसा’ म्हणेपर्यंत त्यांनी हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून आमच्याकडे तोंड करून टेबलावर मांडले. सुटकेचे पत्र सर्वांत वर. ते इतक्या वेळा उघडले आणि मिटले गेले असणार की घड्यांवर विरून गेले होते, आणि प्रत्येक घडीवर मागून पातळ कागदाची पट्टी लावलेली होती. इतक्या सफाईने, की बोट फिरवल्याशिवाय जाणवू नये. ‘ते असू द्या, आधी बसा,’ मी म्हटले. ते बसले, पण कागद त्यांनी मागे घेतले नाहीत. पुढचा सगळा वेळ ते आमच्यामध्ये पडून होते. मग खजिनदारांनी कपाटावरचा एक जुना खंड पुढे केला, ज्याचा पुठ्ठा हातात येत होता. त्यांनी तो उचलला, पाठीकडून डोळ्यांजवळ नेला, दोन फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या, मध्ये नख घालून पाहिले. चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यापुरता निघून गेला. ‘याची जुजबंदी गेलीय,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी वरून नुसती खळ लावून बसवलंय, म्हणून पुन्हा सुटतंय. सगळं उसवून फर्मे परत शिवावे लागतील. वेळ लागेल.’ किती, असे खजिनदारांनी विचारले. ‘चार दिवस. घाई केली तर परत उसवेल.’

पद त्यांना मिळाले नाही. ज्या मुलीला मिळाले ती खरोखरच योग्य होती. तिच्यापाशी ग्रंथालयशास्त्राची पदविका होती, आणि बांधणीही येत होती. हे मी मन मारून लिहीत नाही, ती आजही उत्तम काम करते. पण तिच्याकडे ती पदविका नसती तर आम्ही काय केले असते, हे मला सांगता येत नाही, आणि त्या दिवशी ते सांगावे लागले नाही याचे मला हायसे वाटले होते. खजिनदारांनीच मग तोडगा काढला. जास्तीची पुस्तके त्यांना नगावर द्यावीत, त्यांनी ती घरी नेऊन बांधावीत. हजेरीपटावर नाव नाही, किल्ली नाही, ग्रंथालयात बसायचे नाही. मी लगेच हो म्हटले. इतक्या लगेच, की वकीलबाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. खरे तर ती सोय आमचीच होती: त्यांना काम मिळाले, आणि ‘माहीत असून घेतलंत?’ असे कुणी विचारलेच तर, ‘घेतलेले नाही’ असे उत्तर आमच्यापाशी तयार राहिले. आईने काकांना घरात घेतले होते आणि डबा पेटीत हलवला होता.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते गठ्ठा घेऊन येतात. काम अप्रतिम असते. शिवण एकसारखी, पाठ सरळ, खळीचा डाग कुठे नाही. पुस्तके ते एकेक करून टेबलावर मांडतात आणि मांडताना मोठ्याने मोजतात. मग प्रत्येक पुस्तक पाठीकडून उलटे धरून पाने अलगद झटकून दाखवतात, आत काही राहिलेले नाही म्हणून. आम्ही मोजायला सांगितलेले नाही, झटकायला तर नाहीच. शेवटी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी वही निघते, त्यांनीच शिवलेली. तिच्यात तारीख, नेलेली पुस्तके, आणलेली पुस्तके आणि सहीचा एक रकाना स्वतःच्या हाताने आखलेला आहे. मागच्या खेपेला मी म्हटले, ‘याची खरंच काही गरज नाही हो.’

‘असू द्या मॅडम. माझ्याजवळ असलेलं बरं.’

त्यांनी वही माझ्याकडे वळवली, पेनाचे टोपण काढून पेन पुढे केले. मी सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटली नाही.